दोन मिलिमीटरच्या आतला पाऊस

४ फेब्रुवारी

मामा,

फोन केला असता, पण मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, "तू विहिरीच्या तळातून बोलतेस असं वाटतं," आणि फोन मामींच्या हातात देऊन निघून गेलात. म्हणून पत्र. शिवाय जे विचारायचंय ते कागदावर असलेलं बरं.

हवामान कचेरीत मला जुन्या नोंदींच्या खोलीत बसवलंय. तिसरा मजला, लोखंडी मांडण्या, एकच खिडकी आणि तीही उघडत नाही. कोरड्या पट्ट्यातल्या जुन्या पाऊसवह्या संगणकात चढवायच्या आणि गेल्या चाळीस वर्षांत पाऊस कसा बदलत गेला ते शोधायचं, हे माझं काम. परवा एक गठ्ठा सोडला, धूळ झटकली, तर वर तुमचं नाव! अडतीस वर्षांचे तक्ते, एकही महिना गहाळ नाही. मी एवढ्यांदा ओरडले, "हे माझे मामा!" की शेजारच्या टेबलावर नकाशे काढणाऱ्या बाई म्हणाल्या, "असू देत, पण हळू."

तुमच्या आकड्यांत मला एक कोडं सापडलंय. दोन मिलिमीटरच्या आतल्या, अगदी बारीक सरी पहिल्या चोवीस वर्षांत सगळ्या मिळून नऊ आहेत. नऊच. आणि चौदा वर्षांपूर्वी, एकाएकी, त्या दिसायला लागतात. ०.६, १.१, ०.४. तेव्हापासून वर्षाला सरासरी सात. मोठा पाऊस होता तसाच आहे. बारीक पाऊस मात्र कुणीतरी कळ दाबावी तसा सुरू झालाय.

आमचे साहेब खूश आहेत. ते म्हणतात, हवामान बदलतंय, हलका पाऊस वाढतोय. आजूबाजूच्या शंभर किलोमीटरमध्ये एवढी लांबलचक नोंद फक्त तुमची, म्हणून त्यांचा सगळा भार तुमच्यावर. मे महिन्यात पेरणीचं सल्लापत्रक निघणार आहे: "पहिल्या पावसावर पेरा, मधल्या भुरभुरीवर रोपं तगतील." मला ते पटत नाही. का पटत नाही, ते मात्र सांगता येत नाही.

तेव्हा सांगा: चौदा वर्षांपूर्वी पावसाचं माप अंगणात दुसरीकडे हलवलं का? मोजायची काचनळी बदलली? जवळ झाड वाढलं, भिंत पडली, काहीही?

तुमची,
प्रश्नपेटी

१३ फेब्रुवारी

चि. प्रश्नपेटी,

पत्र मामी लिहितेय, मी सांगतोय. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि तू वाचणार कचेरीत. घराण्याची अब्रू जायला नको.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. माप हललेलं नाही. मागच्या अंगणात, ओट्यापासून नऊ पावलांवर, जिथे पहिल्या दिवशी रोवलं तिथेच आहे. वर तेच नरसाळं, खाली तीच बाटली. काचनळी एकदा फुटली होती, पण ती वीस वर्षांपूर्वी. नवी आली ती तुमच्याच कचेरीतून, तपासून. झाड नाही. या गावात झाड वाढलं असतं तर बघायला माणसं आली असती. भिंत आहे तशी आहे.

सकाळी साडेआठ म्हणजे साडेआठ. मी घड्याळजी होतो हे विसरू नकोस. अंगात ताप असताना मोजलंय, तुझ्या आईच्या लग्नाच्या दिवशी मोजून मग मांडवात गेलो, उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली.

चौदा वर्षांपूर्वी काय घडलं म्हणतेस? दुकान बंद केलं, एवढंच. मोबाईल आले, मनगटं मोकळी झाली, घड्याळं दुरुस्त करून घेणार कोण? त्याचा पावसाशी काय संबंध? पाऊस बदलला असेल. मी बदललेलो नाही.

एक मात्र मलाही कळत नाही. दोनच्या आतले एवढे आकडे माझ्या तक्त्यात आलेच कुठून? संगणकात चढवताना तूच ध चा मा केला असशील. पुन्हा बघ.

मामा

(तब्येत बरी आहे दोघांची. तू जेवतेस का वेळेवर? – मामी)

२३ फेब्रुवारी

मामी,

हे पत्र तुम्हीच उघडणार आणि तुम्हीच वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून पहिलीच ओळ तुमच्यासाठी: पुढचं आधी एकट्याने वाचा. मामांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मामांचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, उत्तर सापडलं! दुकान बंद झालं, हाताशी वेळ आला, म्हणून मामा नळीत नीट बघायला लागले आणि बारीक सरी दिसायला लागल्या. साहेबांना सांगायला निघालेही होते. मग तक्ता आणि पत्र दोन्ही टेबलावर शेजारी पडलेले दिसले.

मामी, तुमच्या नऊचं शेपूट लांब असतं आणि शेवटी डावीकडे वळतं. पत्रातल्या "नऊ पावलांवर" शेजारी तुम्ही आकडाही घातलाय आणि मग खोडलाय. तसाच नऊ चौदा वर्षांच्या तक्त्यांत प्रत्येक पानावर आहे. त्याआधीचा नऊ वेगळा आहे, आखूड आणि ताठ.

खाली सही मात्र मामांचीच.

मी हे कुणालाही सांगितलेलं नाही. पण मे जवळ येतोय. साहेबांचं पत्रक निघालं आणि ते चुकीचं ठरलं, तर लोक पहिल्या पावसावर बी टाकतील आणि रोपं करपतील. आणि मी जर फक्त "निरीक्षक बदलला" एवढंच सांगितलं, तर साहेब अख्खी अडतीस वर्षं कचऱ्यात टाकतील. दोन्ही मला नकोय. काय झालं होतं, ते सांगाल?

प्रश्नपेटी

८ मार्च

बाळ,

हे पत्र मीच सांगतेय आणि मीच लिहितेय. हे बाहेर ओट्यावर बसलेत. तुझं पत्र आलं नाही असं मी सांगितलंय. माझ्या जिवाला ते खातंय, पण आधी तुला सांगते.

ह्यांना काचबिंदू आहे. कडेने दिसेनासं होत होत आता नळीतून बघावं एवढंच उरलंय. दुकान मोबाईलमुळे बंद झालं नाही. एका बाईंच्या घड्याळात ह्यांनी तासकाटा आणि मिनिटकाटा उलटे बसवले. बाई हसल्या. हे हसले नाहीत. त्या संध्याकाळी कुलूप लावलं ते लावलंच. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळा.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मापाजवळ गेले, नळी डोळ्याशी धरली, आणि तशीच धरून उभे राहिले. मी रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत घालत होते. मी जवळ गेले, नळी हातातून घेतली आणि म्हटलं, "सात पूर्णांक दोन." ते म्हणाले, "लिही." त्यावर आमच्यात पुढे कधी एक शब्दही झाला नाही. दुकान गेलं होतं. हे काम गेलं असतं तर ह्यांनी हातपाय गाळले असते.

आता पुढची गोष्ट, जी ह्यांनाही माहीत नाही. पहिल्याच महिन्यात नळीच्या तळाशी थोडंसं पाणी आलं. मी विचारलं, "०.६ आहे, लिहू?" तर म्हणाले, "तो पाऊस नव्हे. ज्याने धूळसुद्धा बसत नाही त्याला मी पाऊस म्हणत नाही. दोनच्या खाली लिहायचं नसतं."

तुला ठाऊक आहे, मी सूत रंगवणारी. लग्न होऊन आले तेव्हापासून तीस वर्षं विणकरांना रंगीत सूत करून दिलं, सहा वर्षांपूर्वी थांबले. ओल्या लडीवर चार थेंब पडले की रंग फुटतो, डाग पडतो आणि लडी परत येते. ह्यांच्या लेखी जो पाऊस नाही, त्याने माझ्या बारा बारा लडी बाद केल्यात. मी त्याला पाऊस म्हणू नको तर काय म्हणू?

म्हणून मी लिहिलं. चौदा वर्षं लिहिलं. महिनाअखेरीला ह्यांना तक्ता वाचून दाखवताना तेवढे आकडे गाळायचे, मग सही घ्यायचे. तेव्हा "मी बदललेलो नाही" असं त्यांनी तुला कळवलं ते अगदी मनापासून. खोटं मी केलंय.

तू विचारलंस म्हणून बरं झालं. आता ह्यांना सांगते. कसं सांगायचं ते अजून ठरत नाहीये.

मामी

११ एप्रिल

चि. प्रश्नपेटी,

उत्तराला महिना लागला. त्यातले चार दिवस मी कुणाशी बोललो नाही, उरलेले दिवस बोलण्यातच गेले.

तुझ्या मामीने सांगितलं तेव्हा आधी संताप आला. माझ्याच घरात, माझ्याच वहीत, माझ्या नाकावर टिच्चून! मग लक्षात आलं की मोजायची ती आणि सही ठोकत होतो मी. चोर नक्की कोण, हे ठरवायला ते चार दिवस लागले. ठरवलं. दोघंही.

पाचव्या दिवशी मी तिला विचारलं, "तुझ्या त्या लडी बाद व्हायच्या, त्याची काही आठवण आहे का? म्हणजे साल, महिना?" ती म्हणाली, "आठवण कशाला? वही आहे." आणि पलंगाखालची पेटी ओढून रंगाच्या सात वह्या काढल्या. तीस वर्षांच्या! कोणत्या दिवशी किती लडी वाळत घातल्या, किती डागाळल्या, कशाने डागाळल्या. विणकरांना कारण द्यावं लागायचं म्हणून लिहिलेलं. "शिंतोडे, नऊ लडी." "वावटळ, धूळ." "कावळा, एक लडी." प्रश्नपेटी, काखेत कळसा आणि गावाला वळसा. छत्तीस वर्षं त्या पेटीवर मी झोपतोय.

मग आम्ही कामाला बसलो. स्वयंपाकघरातलं टेबल, एका बाजूला तिच्या वह्या, दुसऱ्या बाजूला माझ्या तक्त्यांच्या घरच्या नकला. ती तारीख वाचायची. मी आठवणीने म्हणायचो, "कोरडा." ती नकलेत बघायची आणि म्हणायची, "कोरडाच." सतरा दिवस आम्ही हेच केलं. सुरुवातीला मला वाटत होतं, पाच-पंचवीस दिवस निघतील. तिसऱ्या दिवशी मी "कोरडा" म्हणायचं सोडून दिलं, नुसता हात हलवायला लागलो.

मी मोजत होतो त्या काळातली बावीस वर्षं तिच्या वह्यांत येतात. त्यांतले दोनशे त्रेचाळीस दिवस असे आहेत की तिच्या लडी पावसाने डागाळल्यात आणि माझ्या तक्त्यात त्या दिवशी आणि दुसऱ्या सकाळीही शून्य आहे. कावळे आणि धूळ वेगळे काढलेत. शंका आली तो दिवस धरलेला नाही. दव म्हणशील, तर उन्हं वर आल्यावरच लडी दोरीवर जायच्या.

तुला आणखी एक लागेल, ते मीच शोधून ठेवलंय. ती लडी रोज वाळत घालत नव्हती, तेव्हा सगळ्या बारीक सरी तिच्या वहीत येणार नाहीत. पण ज्या आठ वर्षांत ती सूतही रंगवत होती आणि मापही बघत होती, त्यांत नळीत चौसष्ट बारीक सरी आल्या आणि त्यांतल्या पंचेचाळीस रंगाच्या वहीत सापडतात. पुढचा हिशेब तू कर, त्यासाठीच तुला शिकवलंय.

यादी सोबत आहे. आणि एक वेगळा कागद आहे, तो मी स्वतः लिहिलाय, ओळीखाली पट्टी धरून. अक्षर कसंही असो, साहेबांना तोच दे.

मामा

(सोबतचा कागद)

मी, या केंद्राचा निरीक्षक, कळवतो की पहिली चोवीस वर्षं मी दोन मिलिमीटरच्या आतला पाऊस पाऊस मानला नाही आणि, हातून गेलेल्या नऊ नोंदी सोडल्या तर, लिहिला नाही. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढची चौदा वर्षं नजर अधू झाल्याने मोजणी माझ्या पत्नीने केली आणि सही मी केली. तिचे आकडे खरे आहेत. मला या कामातून मोकळं करावं.

६ मे

मामा, मामी,

कागद साहेबांना दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला, मग बसून वाचला. मला विचारलं, "हे असं लिहून द्यायला त्यांना कुणी भाग पाडलं?" मी म्हटलं, "कुणीच नाही." ते म्हणाले, "एकवीस वर्षं मी या कचेरीत आहे. यंत्र बिघडल्याची पत्रं येतात. माणसाने 'मी असं करत होतो' असं लिहिलेलं पत्र मी पहिल्यांदा बघतोय."

मग मी हिशेब मांडला. मामींच्या वहीत दहांतल्या सात सरी सापडतात हे धरलं, तर तुमच्या काळात वर्षाला पंधरा ते सोळा बारीक सरी पडत होत्या. आता सात. मामींची चौदा वर्षं वेगळी काढून बघितली, तर त्यांतही पहिल्या पाच वर्षांत वर्षाला सरासरी नऊ आणि शेवटच्या पाच वर्षांत वर्षाला पाच.

साहेबांनी भागाकार स्वतः करून बघितला. "म्हणजे वाढतोय नाही?"

"निम्म्याहून कमी झालाय."

"आणि आपण वाढतोय म्हणून छापणार होतो."

वर्षाचा एकूण पाऊस जवळपास तेवढाच आहे, मामा. तेवढंच पाणी, पण एकदम ओतलेलं. मधली भुरभुर गेली. पूर्वी पेरणीनंतर रोपांना दर चार-सहा दिवसांनी जो ओलावा मिळायचा, तो आता मिळत नाही. तुमच्या वहीत तो नव्हताच, म्हणून तो गेल्याचंही कुणाला कळलं नाही.

एका केंद्रावरून अख्ख्या पट्ट्याबद्दल छातीठोक बोलता येत नाही, हे मी अहवालात लिहिलंय. पण पत्रक बदललं. "पहिल्या पावसावर घाई करू नका. जमीन वीतभर भिजेपर्यंत थांबा."

राहिला तुमचा राजीनामा. साहेबांनी तो मंजूर केला. पण अडतीस वर्षांच्या नोंदीत तुमचं नाव कायम राहील, आणि चौदा वर्षांपूर्वीच्या त्या महिन्यापासून शेजारी दुसरं नाव येईल. नेमणुकीचा कागद सोबत आहे. मामी, सही आता तुमची लागेल. सराव करून ठेवा.

प्रश्नपेटी

३० ऑगस्ट

चि. प्रश्नपेटी,

मी सांगतोय, निरीक्षकबाई लिहितायत. हल्ली सही करताना त्या जीभ बाहेर काढतात. (नाही काढत. – मामी)

यंदाचं सांगतो. पहिला पाऊस चांगला झाला, एकोणतीस मिलिमीटर. गावातल्या निम्म्या लोकांनी पत्रक वाचलं होतं, निम्म्यांनी ऐकलं होतं. शेजारचा गवंडी, ज्याचं गावाबाहेर तीन तुकडे रान आहे, तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, "तुमच्या भाचीच्या कागदावर विसंबून राहिलो आणि उद्यापासून झड लागली, तर मी काय करू?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." खरंच माहीत नव्हतं. तो थांबला. त्याच्या भावाने पेरलं.

त्यानंतर सव्वीस दिवस थेंब नाही. रोज सकाळी तुझी मामी नळी बघायची आणि मी तिच्या आवाजावरून ओळखायचो. भावाचं रान पिवळं पडलं, त्याला दुसऱ्यांदा बी टाकावं लागलं. दुसरा पाऊस आला तेव्हा गवंड्याने पेरलं, आणि त्याचं पीक आज गुडघ्याच्या वर आहे. एका केंद्रावरून छातीठोक बोलता येत नाही असं तूच लिहिलं होतंस, मग एका वर्षावरून तरी काय बोलणार, म्हणून मी गप्प बसलो. तुझी मामी बसली नाही, तिने अख्ख्या आळीला सांगितलं.

मला मात्र दुसरंच सुचतंय. मी काही जगावेगळा माणूस नाही. मी दोनच्या आतला पाऊस सोडला, तर दुसऱ्या कुणी दुसरं काही सोडलं असेल. पट्ट्यात आणखी किती केंद्रं आहेत? त्या सगळ्यांना विचार. पण "तुमची नोंद चुकीची आहे का?" असं विचारशील, तर सगळे माझ्यासारखंच "नाही" म्हणतील, आणि अगदी मनापासून म्हणतील. चोवीस वर्षं मी चूक करत नव्हतो, प्रश्नपेटी. मी पाऊस कशाला म्हणायचं ते ठरवत होतो. तेवढंच विचार.

मामा

१९ सप्टेंबर

मामा, मामी,

त्रेसष्ट केंद्रं आहेत. मागच्या आठवड्यात सगळ्यांना पत्रं टाकली. सुरुवातीला तुमची हकीकत लिहिली, तुम्ही फोनवर दिलेल्या परवानगीने, आणि शेवटी तुमच्या सल्ल्याप्रमाणे एकच प्रश्न: "तुम्ही कशाला पाऊस म्हणत नाही?"

मला वाटलं होतं, पाच-सहा उत्तरं येतील. आजवर एकोणीस आलीत. नकाशेवाल्या बाई आता स्वतःचं काम टाकून माझ्या टेबलापाशी येऊन बसतात.

एका बागकाम करणाऱ्या आजोबांनी लिहिलंय की गारा ते धरत नाहीत, कारण "गार म्हणजे पाणी नव्हे, मार." एका शिक्षिकेने लिहिलंय की त्या गावाला गेल्या की शेजारीण माप बघते, आणि शेजारणीला अर्धा आकडा लिहायला आवडत नाही. आणि एका गोदामाच्या पहारेकऱ्याने चार ओळी पाठवल्यात. रविवारी गोदाम बंद असतं, फाटकाला कुलूप असतं आणि माप आत. त्यामुळे तो रविवारचा पाऊस सोमवारी मोजतो आणि सोमवारच्याच खात्यावर लिहितो. एकतीस वर्षं.

मी लगेच त्याचे तक्ते काढले. खरंच आहे, मामा. त्या गावात सोमवारी बाकीच्या दिवसांपेक्षा जवळपास दुप्पट पाऊस पडतो. साहेब दोन वर्षांपूर्वी त्यावर टिपण लिहायला बसले होते, वारा आठवड्यातून एकदा दिशा बदलतो की काय म्हणून. मी त्यांना पहारेकऱ्याचं पत्र नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, खणातून टिपणाचे कागद काढले, आणि मला म्हणाले, "उरलेल्या चव्वेचाळीस जणांना आठवणपत्र पाठव. आजच."